तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी प्रार्थना करता, मग माणसं बरी का होत नाहीत?

हा प्रश्न असा तोंडावर कुणी विचारत नाही, मुंबईत लोक तेवढे सभ्य आहेत, पण फिरवून फिरवून सगळे हेच विचारतात. मजल्यावरच्या वहिनी विचारतात की अहो माझ्या नणंदेला केमो चालू आहे, तुमच्या चर्चमध्ये तेल लावून प्रार्थना करतात ना, त्यानं फरक पडतो का हो. शाळेतली जुनी मैत्रीण विचारते, ताई गेली तरी तू रविवारी जातेस अजून? भाचा, म्हणजे ताईचाच मुलगा, तो विचारतो मावशी डेटा काय म्हणतो. आणि मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं, जी खरं तर सगळ्यात जास्त हादरलेली असतात, ती काहीच विचारत नाहीत, हात हातात घेऊन देवाची इच्छा म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात की ही आता काय बोलते. तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आम्ही मराठी ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट, मूळचे नगरकडचे. आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, आजोबा गिरणीत लागले म्हणून मुंबईत आलो ते भायखळ्यातच राहिलो. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, आता रिटायर. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे सणासुदीची गोष्ट नव्हे, दूध नासलं तरी आजी आधी देवाचं नाव घ्यायची आणि मग दूधवाल्याचं.

छोटं उत्तर आधी देते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. देव आजारी माणसाला बरं करू शकतो असं मी मानते. मागितलं की करतोच असं मी मानत नाही. आणि नाही केलं तर त्याचं कारण त्या आजारी माणसात शोधायचं, हे मला बिलकुल मान्य नाही, त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण पेशंटचं हाल-हाल करते ती तिसरी.

ताईचं सांगते. पोट फुगायला लागलं होतं, सगळे म्हणाले गॅस, अ‍ॅसिडिटी, वय झालं, बसून बसून होतं. ओव्हरीचा कॅन्सर असाच येतो, चोरपावलांनी, म्हणून तर बहुतेक बायकांचा उशिरा सापडतो. पोटात पाणी झालं तेव्हा कळलं, तिसरी स्टेज. सीए-१२५ म्हणून रक्ताची एक टेस्ट असते, ३५ च्या खाली असलं की ठीक धरतात, तिचा आकडा हजाराच्या वर गेलेला. ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी केमो, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, ही नावं आम्हाला वचनांसारखी पाठ झाली.

आणि प्रार्थना तर काय विचारूच नका. मंगळवारची घरसभा तिच्याकडेच, शुक्रवारी महिला मंडळाचा उपवास, व्हॉट्सॲपवर साखळी प्रार्थनेचा तक्ता, पहाटे तीनला कोण चारला कोण. नगरचे नातेवाईक, पुण्याचे, एक आतेभाऊ दुबईला, तोसुद्धा तक्त्यात. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि दोन वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ जबाबदार लोक, घरी येऊन तेल लावून गेले. हे याकोबाच्या पत्रात आहे, पाचवा अध्याय: कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी. तेल कुठलं म्हणाल तर मेडिकलमधून आणलेलं ऑलिव्ह ऑइल, लहान बाळांच्या मालिशला आणतात ते फिगारो. पाळकांनी बोटाला लावून कपाळावर टेकवलं, ताई म्हणाली डोक्यालाही लावा थोडं, केस तर गेलेच, निदान टाळू थंड राहील. एक वडील हसले आणि मग हसलो म्हणून घाबरले.

केमो संपली, आकडा खाली आला, स्कॅन क्लिअर आला. रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात तेव्हा, ताई पुढे गेली, माईक घेतला, सांगितलं देवानं मला बरं केलं, सगळं चर्च उभं राहिलं, मी पण रडले. डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं की एवढ्या उशिरा सापडलेला हा कॅन्सर केमोनं दबतो पण पुष्कळ जणींना परत येतो, बहुतेकींना दोन-तीन वर्षांच्या आतच. ते आम्ही ऐकलं होतं. पण साक्षीत ते सांगायची पद्धत नसते ना.

पुढच्या वर्षी परत आला.

इथून पुढे गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण माणसं कशी वागतात ते बघा. पहिल्या वेळी जे रोज यायचे त्यातले काही जण यायचे बंद झाले. वाईट माणसं नव्हती ती, त्यांना काय बोलावं कळेना. ज्या प्रार्थनेबद्दल हालेलुया म्हणून झालं होतं ती आता परत कशी मागायची, देवाला काय सांगायचं, मागच्या वेळचं टिकलं नाही म्हणून? आणि ही जी जागा रिकामी झाली तिथे दुसरीच माणसं शिरली. कुणीतरी कुणाच्यातरी ओळखीनं एक सेवक आणले, ते चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभा, घेतात असं कळलं. आमच्या मंडळीचे नव्हेत, नाव काही मी घेणार नाही. माणूस गोड बोलायचा, चहासुद्धा प्यायला नाही, उपवास होता म्हणे. त्यांनी ताईला विचारलं, बाई, मनात कुणाबद्दल अढी आहे का, काही पाप कबूल करायचं राहिलंय का, कारण देव तर द्यायला तयार आहे, अडथळा कुठेतरी आपल्यातच असतो. आणि म्हणाले रिपोर्ट बघत बसू नका, रिपोर्ट सैतानाचा आहे, तुम्ही बऱ्या झालाच आहात असं तोंडानं कबूल करा.

ते गेले. त्या रात्री ताई झोपली नाही. मी तिथेच होते, खाली गादीवर. अंधारात ती एकेक आठवत होती, मला विचारत होती, अगं शाळेत असताना मी त्या मुलीचं पेन घेतलेलं ते परत केलं होतं का गं? मग आठवलं घंगाळ. सासरे गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली, तेव्हा तांब्याचं एक मोठं घंगाळ धाकट्या जावेनं परस्पर नेलं होतं, त्यावरून ताई दोन-चार वर्षं तरी तिच्याशी धड बोलली नव्हती. झालं, हेच ते. रात्री साडेअकराला तिनं जावेला फोन लावला नाशिकला, जाऊबाई बिचारी घाबरूनच उठली, एवढ्या रात्री फोन म्हणजे काय समजायचं माणसानं, आणि इकडून ताई रडत रडत सांगतेय की मी तुला माफ केलं आणि तू पण मला माफ कर, घंगाळाचं. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग जाऊबाई म्हणाली, वहिनी, कुठलं घंगाळ?

आम्ही दोघी नंतर त्यावर खूप हसलो. पण मी मनात तेव्हाच ठरवलं की त्या माणसाला परत या घराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. ज्या बाईच्या पोटात पुन्हा पाणी झालंय, जिला दोन घास जात नाहीत, तिला तुम्ही तिच्या आजाराची आरोपी पण करून ठेवलंत आणि वर वकीलही तिनंच व्हायचं. आणि हे कुठून आणलंत? बायबलमधून? मी पण वाचलंय बायबल, आजीनं मांडीवर बसवून वाचून घेतलंय.

तेच याकोबाचं वचन घ्या, जे सगळे तोंडावर फेकतात, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवेल. बरं. पण त्यात प्रार्थना कोण करतंय? वडील. आजारी माणसाचं काम काय? बोलावणं पाठवणं. बस. त्यानं अंथरुणात पडून विश्वासाचं प्रात्यक्षिक दाखवायचं, असं तिथे कुठे लिहिलंय? विश्वास कमी पडला असेल तर आधी तेलाची बाटली घेऊन आलेल्यांचा पडला म्हणा की. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, ती गोष्ट आहे ना, चार जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकून खाली सोडतात, तिथे येशूनं त्यांचा विश्वास पाहिला असं आहे, आणणाऱ्यांचा. येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या लाजारानं कोणता विश्वास दाखवला, तो तर चार दिवस कबरेत होता. आणि मत्तयाच्या सतराव्या अध्यायात फेफऱ्याच्या मुलाला शिष्यांना बरं करता आलं नाही, ते विचारतात आम्हाला का जमलं नाही, तर येशू अल्पविश्वासाबद्दल रागावतो कुणावर? शिष्यांवर! त्या पोराला एक शब्द बोलत नाही.

हो, "तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं" असंही तो म्हणतो, बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला म्हणाला, आणि नासरेथला लोकांच्या अविश्वासामुळे फारसं काही करता आलं नाही हेही लिहिलेलं आहे, ते मी झाकून ठेवत नाही. पण पहिलं वाक्य तो बरी झालेल्या बाईला म्हणतोय, शाबासकी म्हणून. ते उलटं फिरवून न बऱ्या झालेल्या बाईच्या माथी मारायचं, म्हणजे तुझ्या अविश्वासानं तू आजारी, हे त्यानं शुभवर्तमानात एकाही दुखणाइताला सुनावलेलं नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलंच होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं. तो म्हणाला याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. दोन हजार वर्षं झाली, अजून आमच्यातली काही माणसं तोच प्रश्न घेऊन फिरतायत.

आणि काही ओळी अशा आहेत ज्यांच्यावर मी आजतागायत प्रवचन ऐकलेलं नाही. प्रेषित पौल, गावोगाव येशूचा संदेश सांगत फिरणारा, आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, दुसऱ्या पत्राच्या शेवटी सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. झालं, एवढंच. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तो माणूस आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढच्या गावाला जातो आणि त्याबद्दल एक स्पष्टीकरण देत नाही! तीमथ्याचं पोट बिघडायचं सारखं, तर त्याला पहिल्या पत्रात काय सांगतो, थोडा द्राक्षारस घेत जा. म्हणजे घरगुती औषधच सांगितलं की. आणि स्वतः पौलाला शरीरात काटा होता, काय होतं ते कुणाला नीट कळलेलं नाही, तीनदा त्यानं मागितलं की हे काढ, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे. काटा राहिला.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या बेथेस्दाच्या तळ्याचा तर मी फारच विचार करते. पाच पडव्या, तिथे आंधळे, लंगडे, लुळे, माणसंच माणसं पडलेली, सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यासारखं चित्र डोळ्यासमोर येतं. येशू येतो आणि अडतीस वर्षं आजारी असलेल्या एका माणसाला उठवतो. एकाला. बाकीच्यांचं काय झालं ते योहान सांगत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय ते सगळे त्या बाकीच्यांत असतात, आणि आमच्या साक्षीच्या वेळेला त्या बाकीच्यांसाठी माईकच नसतो.

म्हणून ताईनं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. केमो पुन्हा सुरू झाल्यावर एका रविवारी साक्षीच्या वेळी ती उठली. डोक्याला स्कार्फ, मी हात धरायला गेले तर झटकला. पाळकांना वाटलं असणार की आता चमत्कार सांगते, त्यांनी माईक पुढे केला. ती म्हणाली, सलाम मंडळी, मागच्या वर्षी मी इथेच सांगितलं होतं की देवानं मला बरं केलं, ते परत आलंय, मी तेव्हा खोटं बोलले नव्हते आणि आताही बोलत नाहीये, प्रार्थना चालू ठेवा, आणि ज्यांना घरी यायला अवघड वाटतंय त्यांनी या, मला अजून पोहे करता येतात. आणि खाली बसली. आता यावर हालेलुया म्हणायचं की काय म्हणायचं कुणालाच कळेना, अवयवाचार्य आजोबा आहेत आमचे, म्हणजे ऑर्गन वाजवतात म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, त्यांना ऐकू कमी येतं, ते सवयीनं जोरात आमेन म्हणाले. त्या आठवड्यात घरी पोहे खाणारे इतके आले की मला खाली दुकानात दोनदा जावं लागलं.

भाच्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तो फार्मा कंपनीत आकडेवारीचंच काम करतो. त्यानं मला तो अमेरिकेतला अभ्यास दाखवला, २००६ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये आलेला. बायपास होणारे १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं, तीन गट केले. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, त्यातल्या एकासाठीच केली. तिसऱ्याला सांगितलं होणारच, आणि केली. प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती गटांना पेशंटचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर एवढंच दिलेलं. निकाल काय तर प्रार्थना झाली पण नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्के लोकांना काहीतरी गुंतागुंत झाली, न झालेल्यांत ५१, आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९. म्हणजे माहीत असणाऱ्यांचं जरा जास्तच बिघडलं! अभ्यास करणारेच म्हणाले की हा योगायोग असू शकतो.

आता यावर आमच्यातले लोक लगेच सांगतात की देवाची परीक्षा पाहू नये, आणि ज्या गटासाठी प्रार्थना केली नाही त्यांच्या बायका-आया काय घरी गप्प बसल्या असतील का. खरंय, ते कुणी थांबवू शकत नाही. पण मी पळवाट काढणार नाही. प्रार्थना केली की रिपोर्टचा आकडा हलतोच असं जे स्टेजवरून सांगतात त्यांच्यासमोर हा अभ्यास ठेवलाच पाहिजे. आणि त्या ५९ वर भाचा जे म्हणाला ते मला पटतं, योगायोग असो नसो. तो म्हणाला, मावशी, आईला तक्ता दाखवला होतास ना, पहाटे तीनला दुबईचा माणूस उठतोय, तेव्हा ती मला हळूच म्हणाली होती, एवढे सगळे लागलेत म्हणजे माझं काही खरं दिसत नाही रे, आणि एवढं करून मी बरी झाले नाही तर यांना काय वाटेल? तिला आम्हा सगळ्यांची काळजी होती. पेशंटनं प्रार्थना करणाऱ्यांची लाज राखायची, असं व्हायला लागलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

वहिनींचा प्रश्न असतो, मग माहीमला जाऊ का? बुधवारी माहीमच्या सेंट मायकलला नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या नवस-प्रार्थनेला, अर्धी मुंबई असते, हिंदू, मुसलमान, पारशी, कुणी विचारत नाही तू कोण. १९४८ पासून चालू आहे ते. सप्टेंबरात बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा, बाहेर मेणाचे हात, पाय, डोकं, बाळ विकायला असतात, जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि वाहायचं. आम्ही प्रॉटेस्टंट मेण वाहत नाही, आजी तर नाक मुरडायची, पण खरं सांगायचं तर त्या ढिगाकडे बघून मला गलबलतं. कॅथलिक लोकांचं एक बरं आहे, त्यांच्याकडे निदान तपासायची पद्धत आहे. फ्रान्समध्ये लूर्दला १८५८ साली त्या बर्नाडेट नावाच्या मुलीला दर्शन झालं म्हणतात, तिथे डॉक्टरांचं कार्यालयच आहे, बरं झालो म्हणणाऱ्यांचे कागद बघतात, ७००० च्या वर लोकांनी दावे केले, चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले ते ७० च्या आसपास. आणि खुद्द बर्नाडेट? तिला दमा होता, पुढे हाडांचा टीबी झाला, १८७९ ला पस्तिसाव्या वर्षी गेली. तिला कुणी अविश्वासू म्हणालं नाही, संत म्हणाले.

आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती लूर्दला कशाला जातेस, केडगावला बघ. १९०५ ला मुक्तीत मोठं संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेची नवी लाट आली, मुली रात्र-रात्र प्रार्थना करायच्या, रमाबाईंसारखी प्रार्थना करणारी बाई महाराष्ट्रात दुसरी नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, ती १९२१ ला गेली, आईच्या आधी. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. आता या सेवकांनी रमाबाईंना जाऊन विचारावं, बाई, घंगाळ कुठे ठेवलंय.

औषधाबद्दल एकच सांगते, त्यात वाद नको. प्रार्थनेनंच सगळं भागत असतं तर मिशनऱ्यांनी मिरजेला १८९४ ला हॉस्पिटल कशाला बांधलं असतं, वेल्लोरला कशाला, ती काय कमी प्रार्थना करणारी माणसं होती? पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कुणी तुम्हाला म्हणालं की गोळ्या बंद करून विश्वास दाखवा, तर तिथून उठा, चप्पल घाला आणि निघा. कॅन्सर बरा करतो म्हणून मंत्र-ताईताची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवलं तर त्याखाली गुन्हा होतो. प्रार्थनेला कायद्याची आडकाठी नाही, आणि माझी तर नाहीच नाही.

मग करता कशाला, हा खरा प्रश्न. मैत्रिणीचा.

एक तर मागायला सांगितलंय म्हणून मागते. आणि ज्यानं सांगितलं त्या येशूनं स्वतः, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि टळला नाही. आमच्या धर्माच्या अगदी मधोमध एक नाकारलेली प्रार्थना आहे, शुभ शुक्रवारी आम्ही तीन-तीन तास बसून तीच ऐकतो, आणि तरी घरी आल्यावर शेजारणीला सांगतो की तुझा विश्वास कमी पडला! त्यामुळे मला उत्तर मिळालं नाही तर मी काही वेगळ्या, वाईट रांगेत उभी आहे असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणजे, मागताना मी तिथे असते. आता आमच्या मंडळीतल्या आम्ही काही बायका परळला टाटाच्या आसपास जातो, फुटपाथवर बसलेली कुटुंबं असतात, बीडची, बिहारची, बंगालची, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळालेली असतात. कुणालाही आधी प्रार्थना करू का असं विचारत नाही, आधी जेवलात का विचारतो, रांगेत त्यांची फाईल धरून उभं राहतो, केस पेपर वाचून दाखवतो, कुठल्या बिल्डिंगला जायचं ते सांगतो. त्यांनी म्हटलं तर करतो, तेही दोन वाक्यं, मोठ्यानं ओरडून नाही. देवा हिला बरं कर, आणि आज रात्री हिला झोप लागू दे. पहिलं मागायला मला अजूनही भीती वाटत नाही. दुसरं बऱ्याचदा मिळतं.

काय बोलत नाही ते पण सांगते. देवाला चांगली माणसं लवकर लागतात, हे बोलत नाही, त्यानं राहिलेल्यांना काय वाटेल. देव झेपेल तेवढंच देतो, हे तर नाहीच नाही, लोक करिंथकरांचं पहिलं पत्र दाखवतात पण ते वचन मोहाबद्दल आहे, कॅन्सरबद्दल नाही, आणि परळच्या फुटपाथवर मी न झेपलेली माणसं डोळ्यांनी बघितलेली आहेत. बायबलात ईयोब आहे, सगळं गमावून बसलेला, त्याच्या मित्रांनी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसतं बसून काढले, तोवर सगळं बरोबर चाललं होतं, मग ते कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला.

ताई पावसाळ्यात गेली, घरी. शेवटच्या आठवड्यात तिला प्रार्थना ऐकायला नको व्हायची, गाणी चालायची, रेव्हरंड ना. वा. टिळकांची जुनी, त्यातही दोनच कडवी, मग हात वर करायची, पुरे. शेवटपर्यंत तिनं मी बरी होतेय असं म्हणून कुणाला बरं वाटू दिलं नाही आणि देवावर रागावलेय असंही म्हणाली नाही, एकदा फक्त म्हणाली, भेटला की विचारणारे. मला तिच्याजागी विचारायचं असतं तर मीही विचारलं असतं. जाऊबाई नाशिकहून आली होती सांत्वन सभेला, घरातली सगळी भांडी शोधून आली म्हणे, घंगाळ काही सापडलं नाही, ते बहुतेक मोठ्या दिरांकडे गेलं असणार.

तर वहिनी, तुमच्या नणंदेचं. आणा त्यांना, नक्की आणा, किंवा आम्हीच येतो. फरक पडेल का, तर रिपोर्टमध्ये पडेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, मागू मात्र तेच. तेलाचे पैसे नसतात, आणि त्यांना ख्रिस्ती व्हायला कुणी सांगणार नाही, सांगितलं तर मला सांगा. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नको, तेव्हा वासानं मळमळतं, तेलाचा वासही सहन होत नाही, ताईला व्हायचा नाही. केमोची तारीख मात्र आमच्यासाठी पुढे ढकलायची नाही हं. आणि घरी यायचं असेल तर मजला कितवा आणि लिफ्ट चालू आहे का ते आधी कळवा, आमच्या पाळकांचे गुडघे गेलेत, त्यांच्यासाठीही प्रार्थना चालूच आहे.